धावता घोडा आणि थबकलेला चेंडू

बफेलो बिल धावत्या घोड्यावरून एकेका गोळीत हवेतले काचेचे चेंडू फोडायचा, असं सर्रास सांगितलं जातं. त्याच्या काडतुसात गोळी नव्हे, बारीक छर्रे असत हे कळलं, की तेच लोक म्हणतात, "म्हणजे लबाडीच!" मला दोन्ही गोष्टी पटत नाहीत.

विल्यम कोडी ऊर्फ बफेलो बिलने १८८३ साली अमेरिकेत ओमाहा इथे 'वाइल्ड वेस्ट' हा फिरता खेळ सुरू केला. त्यात एक मूळ अमेरिकन स्वार त्याच्या शेजारून घोडा दौडवत चेंडू वर उडवायचा. खरी गंमत या शेजारच्या स्वारात आहे!

दोन्ही घोडे ताशी ४० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर धावताहेत असं धरू. हातातून सुटलेला चेंडू जडत्वामुळे त्याच वेगाने पुढे जात राहतो. प्रेक्षकांना त्याची कमान दिसते, कोडीला मात्र तो सरळ वर जाऊन सरळ खाली येताना दिसतो. बंदुकीला आणि छऱ्यांनाही घोड्याचा तोच वेग मिळालेला असतो. हवेचा अडथळा सोडला, तर हा वेग हिशेबातून उडूनच जातो. गॅलिलिओचं सापेक्षतेचं तत्त्व ते हेच.

आता उभी गती पाहू. सर्वोच्च बिंदूला चेंडूचा वर जाण्याचा वेग शून्य होतो. तिथून t वेळात तो किती खाली येतो, ते अंतर s = ½gt² (g म्हणजे गुरुत्वत्वरण). त्यात t = ०.१ सेकंद घातलं, तर s येतं जेमतेम ५ सेंटिमीटर. म्हणजे त्या बिंदूच्या आधी आणि नंतर मिळून ०.२ सेकंद चेंडू जवळपास जागीच असतो. बार काढायचा तो तेव्हाच.

छर्रे वापरण्याचं कारण प्रेक्षकांची सुरक्षा. छऱ्याचा व्यास निम्मा केला की वस्तुमान एक-अष्टमांश होतं, पण हवेला भिडणारं क्षेत्रफळ एक-चतुर्थांशच होतं. त्यामुळे त्याच वेगाला हवेने होणारं मंदन दुप्पट. छर्रे लवकर थंडावतात, गोळी दूरवर जाते.

याच खेळातली ॲनी ओकली पाठमोरी उभी राहून, आरशात बघून खांद्यावरून नेम साधायची. डोळ्यांवर पट्टी बांधून 'तिसरा डोळा' उघडून देणाऱ्या वर्गांत मुलांना पाठवणाऱ्या पालकांनी हा आरसा लक्षात ठेवावा. प्रकाश डोळ्यांत शिरल्याशिवाय काही दिसत नाही.

गॅलिलिओ कोडीला एका बाबतीत मात्र उपयोगी नव्हता. त्याचं तत्त्व एकसमान गतीला लागू पडतं. दौडणाऱ्या घोड्याची पाठ दर ढांगेला वरखाली होते, हे त्वरण कुठल्याच हिशेबातून उडत नाही. ते गुडघ्यांनी आणि कमरेने पचवावं लागतं. कोडीचं कसब होतं ते तिथे.