उताराचा चौक: सिएनातला पियाझा देल काम्पो

इटलीतल्या सिएना शहराचा मुख्य चौक, पियाझा देल काम्पो, सपाट नाही. शिंपल्याच्या आकाराची ही जागा पालाझ्झो पुब्लिको या नगरभवनाकडे चांगलीच उतरत जाते. तीन टेकड्या जिथे मिळतात तिथेच ती असल्याने पावसाचं पाणी इकडे धावणारच. सिएनाकरांनी भर घालून जमीन सपाट करण्याच्या फंदात न पडता पाण्यालाच वाट करून दिली.

फरसबंदी १३४९ मध्ये पुरी झाली. लाल विटा तिरक्या, एकमेकींत अडकवून बसवल्या आहेत, त्यामुळे उतारावर त्या सहजी सरकत नाहीत. पांढऱ्या ट्रॅव्हर्टाइन दगडाच्या पट्ट्यांनी चौकाचे नऊ भाग केले आहेत. नऊच का? १२८७ ते १३५५ या काळात शहराचा कारभार नऊ जणांच्या मंडळाकडे होता, त्यांची ही खूण. हे सगळे भाग नगरभवनासमोरच्या सखल जागेकडे निमुळते होत जातात आणि तिथल्या 'गाविनोने' नावाच्या मोरीतून पावसाचं पाणी जमिनीखाली जातं. सत्तेची खूण आणि गटाराची सोय एकाच आराखड्यात बसवणारे कारभारी विरळाच!

पण खरी अडचण पिण्याच्या पाण्याची होती. शहर टेकडीवर, जवळ मोठी नदी नाही. मग जमिनीखाली हाताने बोगदे खणले. त्यांना 'बोत्तीनी' म्हणतात. सगळे मिळून सुमारे २५ किलोमीटर. वरच्या वालुकामय थरातून पाणी पाझरतं, खालची चिकणमाती ते अडवते. हा पाझर बोगद्याच्या तळाशी कोरलेल्या अरुंद पन्हळीत येतो आणि अगदी बेताच्या उतारावरून, पंपाविना, शहरात पोहोचतो. चौकाच्या वरच्या कडेला १३४२ च्या सुमारास असं पाणी खेळलं. तिथल्या फोंते गाया कारंज्याची शिल्पं याकोपो देल्ला क्वेर्चाने पंधराव्या शतकात घडवली. आज दिसतात त्या एकोणिसाव्या शतकातल्या प्रतिकृती.

भोवतालच्या घरांनाही शिस्त होती. चौकाकडच्या खिडक्या नगरभवनाशी जुळत्या हव्यात, असा नियम १२९७ मध्येच झाला होता.

दरवर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्टला इथे पालिओ ही घोड्यांची शर्यत होते. कडेच्या वाटेवर माती पसरतात आणि खोगिराविना दहा स्वार तीन फेऱ्या मारतात. उतार आणि वळण एकत्र येतं त्या सान मार्तिनोच्या कोपऱ्यावर घोडे घसरतात, म्हणून तिथल्या भिंतींना जाड गाद्या लावलेल्या असतात.