कामावर दुखापत झाली तर ईएसआयकडून बुडालेल्या पगाराची भरपाई: पात्रता, हिशोब आणि कागदपत्रे

कुपवाडच्या फौंड्रीत पायावर कास्टिंग पडलं किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत प्रेसखाली बोट सापडलं, की पहिले दोन दिवस दवाखान्याच्या धावपळीत जातात. बुडालेल्या पगाराची भरपाई किती सहज मिळेल, हे मात्र बऱ्याचदा याच दोन दिवसांत कोणते कागद झाले आणि कोणते राहिले यावर ठरतं.

ईएसआय म्हणजे कामगारांची सरकारी कर्मचारी राज्य विमा योजना. तिच्यात या भरपाईला तात्पुरता अपंगत्व लाभ म्हणतात. सरासरी दैनंदिन वेतनाच्या 90 टक्के रक्कम, कामावर परत जाण्याइतकं बरं होईपर्यंत मिळते. साध्या आजारपणाच्या लाभासाठी सहा महिन्यांच्या काळात किमान 78 दिवसांचा विमा हप्ता भरलेला लागतो. कामावरच्या दुखापतीला अशी अट नाही. सोमवारी नोकरीला लागलेल्या मुलाला मंगळवारी अपघात झाला तरी तो पात्र आहे. अट एवढीच, की अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम करता आलेलं नसावं. तीन दिवस भरले, की पहिल्या दिवसापासूनचे पैसे धरले जातात.

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यातला, महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार योजनेत येतो. दिव्यांग कामगारासाठी ही मर्यादा 25,000 आहे. ही मर्यादा बघताना ओव्हरटाइम धरत नाहीत. पगाराच्या स्लिपवर 0.75 टक्के ईएसआय कपात आणि दहा आकडी विमा क्रमांक आहे का, हे आजच बघून ठेवा. ठेकेदाराकडचा कामगार असला तरी त्याचा हप्ता भरला जाण्याची जबाबदारी मूळ कारखान्यावरही असते. हप्ता न भरणं हा मालकाचा कसूर आहे. योजना चालवणारं ईएसआय महामंडळ कामगाराला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकतं. त्यामुळे ‘तुझं नावच भरलं नव्हतं’ एवढ्या उत्तरावर घरी परत येऊ नका.

हिशोबात घोळ होतो तो कुठल्या महिन्यांचं वेतन धरायचं यावर. अपघात जानेवारी ते जून या काळातला असेल तर मागच्या वर्षाच्या एप्रिल ते सप्टेंबरचं वेतन बघतात. जुलै ते डिसेंबरमधला असेल तर आधीच्या ऑक्टोबर ते मार्चचं. म्हणजे दिवाळीनंतर पगार वाढला आणि फेब्रुवारीत अपघात झाला, तर ती वाढ हिशोबात येत नाही. समजा त्या सहा महिन्यांत एकूण वेतन 90,000 रुपये आणि पगाराचे दिवस 180. सरासरी 500 रुपये, त्याचे 90 टक्के 450, आणि रविवार धरून आठवड्याचे 3,150 रुपये. ज्या ओव्हरटाइमवर हप्ता भरला आहे तो या वेतनात येतो, पाकिटातून रोख दिलेला येत नाही. रोख ओव्हरटाइमला हो म्हणणाऱ्या कामगाराचं नुकसान अपघाताच्या दिवशी समोर येतं. अगदी नवीन कामगाराचे असे सहा महिने झालेलेच नसतात. त्याच्यासाठी अपघात झाला त्या पगारकाळातलं वेतन धरतात.

आता कागद. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 लागू झाली आणि 1948 चा ईएसआय कायदा तिच्यात सामावला गेला. त्यामुळे फॉर्मच्या क्रमांकापेक्षा कागदाचं नाव लक्षात ठेवा.

सगळ्यात आधी अपघाताची सूचना. जखमी माणसाने किंवा त्याच्या वतीने सोबतच्या कोणीही सुपरवायझरला लगेच सांगायचं आणि कारखान्याच्या अपघात नोंदवहीत नोंद करून घ्यायची. तारीख, वेळ, मशीन, त्या वेळी चालू असलेलं काम, कोणता अवयव (उजवा की डावा हेसुद्धा), आणि पाहणाऱ्यांची नावं त्यात हवीत. त्यावरून मालकाने 24 तासांत अपघात अहवाल ईएसआयला पाठवायचा असतो. नोंदवहीत ‘डावा हात’ आणि दवाखान्याच्या केसपेपरवर ‘उजवा’ असं झालं, की चौकशी लागते आणि प्रकरण लांबतं. केसपेपरवर ‘घरी पडून’ असं कोणी लिहायला सांगितलं तर ठाम नकार द्या. ती एक ओळ पुढे कामावरची दुखापत नाकारायला पुरेशी ठरू शकते.

दुसरा कागद डॉक्टरांच्या दाखल्याचा. दाखला ईएसआयच्या विमा वैद्यकीय अधिकाऱ्याचा लागतो. पहिला दाखला, मग जास्तीत जास्त सात-सात दिवसांच्या अंतराने मधले दाखले, आणि बरं झाल्यावर शेवटचा. हाड मोडण्यासारखा लांबचा मामला असेल तर चार आठवड्यांपर्यंतचा विशेष मधला दाखला मिळतो. दोन दाखल्यांच्या मध्ये दिवस सुटले, तर पैसे अडकतात ते त्याच दिवसांचे. पलूस किंवा लोणंदहून दर आठवड्याला दवाखान्यात जाणं जिवावर येतं, हे खरं आहे. अशा वेळी विशेष दाखल्याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. तातडीने खासगी दवाखान्यात नेलं असेल तर डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि बिलं जपून ठेवा. दाखल्याऐवजी दुसरा पुरावा मान्य करण्याची सोय आहे, पण तो निर्णय कार्यालयाचा असतो. म्हणून चालता येऊ लागताच ईएसआय दवाखाना गाठा.

मग लाभाचा दावा अर्ज. सोबत दाखले, ई-पहचान कार्ड (ईएसआयचं ओळखपत्र), आधार आणि बँक पासबुकची प्रत. खात्यावरचं नाव विमा नोंदीशी अक्षरनअक्षर जुळलं पाहिजे. अर्ज ऑनलाइन किंवा शाखा कार्यालयात करता येतो. कोणती शाखा, ते कार्डावर दिलेलं असतं. पैसे खात्यावर येतात. दावा बारा महिन्यांच्या आत करा.

कार्यालय मालकाकडून गैरहजेरीची खात्री करून घेतं. इथे पगारी सुट्टीचा घोटाळा होतो. ज्या दिवसाची पगारी रजा किंवा हजेरी लावली, त्या दिवसाचा लाभ मिळत नाही. मालक भलेपणानेही हजेरी लावतो, आणि मग दोन्हीकडचे कागद जुळत नाहीत. हजेरीपटावर सरळ गैरहजेरी असू द्या. लाभ चालू असताना कामावरून काढता येत नाही.

घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघातही यात बसतो, मात्र वेळ, ठिकाण आणि नोकरी यांचा संबंध दिसला पाहिजे. शिफ्टची वेळ, नेहमीचा रस्ता आणि पोलीस पंचनामा हे पुरावे कामी येतात.

साखर कारखान्यात किंवा गुऱ्हाळावर काम करणाऱ्यांनी एक गोष्ट वेगळी समजून घ्यावी. केवळ साखर किंवा गूळ बनवणारा कारखाना हंगामी धरला जातो आणि ईएसआयबाहेर राहतो. तिथे भरपाई थेट मालकाने द्यायची असते. दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या 25 टक्के, जास्तीत जास्त पाच वर्षं. 12,000 वेतनावर पंधरवड्याला 3,000, म्हणजे महिन्याला निम्मा पगार. वर उपचाराचा खर्चही मालकाचाच. मात्र जिथे ईएसआय लागू आहे तिथे त्याच दुखापतीसाठी मालकाकडून ही भरपाई मागता येत नाही.

बोट तुटलं असेल किंवा हात पूर्वीसारखा वळत नसेल, तर शेवटच्या दाखल्याने काम संपत नाही. कायमच्या अपंगत्वासाठी वैद्यकीय मंडळापुढे जाण्याचा अर्ज वेगळा करावा लागतो. मंडळ किती टक्के क्षमता गेली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात लाभ पुढे चालू राहतो. त्यासाठी सगळे दाखले आणि अपघात अहवालाची प्रत घरात सांभाळून ठेवा.