शेकडो नोंदींतून एक हिमोग्लोबिन

प्रोटीन डेटा बँकेत, म्हणजे प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांच्या ऑनलाइन संग्रहात, नुसतं ‘हिमोग्लोबिन’ टाइप करून बघा. शेकड्यानं नोंदी समोर येतात: माणसाचं, घोड्याचं, माशाचं, ऑक्सिजन धरलेलं, सोडलेलं. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत ही बँक सुरू झाली तेव्हा तिच्यात अवघ्या सात रचना होत्या. आज दोन लाखांवर आहेत आणि सगळ्या फुकट, लॉगिनची कटकटही नाही.

इतक्या पसाऱ्यात शिरताना हाताशी प्रश्न हवा. आपला प्रश्न विदर्भात आणि नंदुरबारकडे घरोघरी माहीत असलेल्या सिकलसेलचा. या आजारात हिमोग्लोबिन नेमकं कुठं बिघडतं?

आधी शोधाच्या पर्यायांतल्या ‘सजीव’ या रकान्यात माणूस निवडा. मग बघायचं ‘रिझोल्यूशन’, म्हणजे रचनेचा किती बारीक तपशील दिसतो ते, आणि इथं नवखा हमखास फसतो, कारण आकडा जितका लहान तितकं चित्र स्पष्ट. मोजमाप अँगस्ट्रॉममध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागात. निरोगी हिमोग्लोबिनची गाजलेली नोंद ४एचएचबी, रिझोल्यूशन १.७४. सिकलसेलची २एचबीएस, २.०५. दोन्ही चांगल्या. (हे संकेतांक टाइप करायचे मात्र इंग्रजीत.) अल्फाफोल्ड या एआय प्रणालीनं संगणकावर वर्तवलेल्या रचनाही शोधात दिसू शकतात, पण आपल्याला त्या नकोत: त्यांत साखळीची घडी असते, ऑक्सिजन धरणारं लोहयुक्त हीम नसतं.

आता २एचबीएस उघडा आणि माउसनं फिरवा. हिमोग्लोबिनचे दोन रेणू शेजारी चिकटलेले दिसतील. प्रत्येक रेणू अमिनो आम्लांच्या चार साखळ्यांचा, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीतल्या सहाव्या जागेवर झूम करा. (काही ठिकाणी हीच जागा सातवी म्हणून छापलेली असते, तिथं सुरुवातीचं, नंतर गळून पडणारं मिथिओनिन हे अमिनो आम्लही मोजतात.) निरोगी माणसात इथं ग्लुटामिक आम्ल असतं, विद्युतभारित, पाण्यात रमणारं. या नोंदीत मात्र आहे व्हॅलिन, पाण्याला टाळणारं. दोन रेणूंच्या सांध्यावरचं व्हॅलिन शेजाऱ्याच्या खळग्यात, फेनिलअ‍ॅलानिन ८५ आणि ल्युसिन ८८ यांच्यामध्ये, जाऊन बसलंय. ऑक्सिजन सुटला की हा खळगा त्याला नीट सापडतो. म्हणून रक्तातला ऑक्सिजन उतरला की रेणूला रेणू चिकटत लांब, ताठ दोरे बनतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते.