बुनाद आणि गाक्ती : नॉर्वेतील पोशाखांची पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नॉर्वेचा राष्ट्रीय पोशाख म्हणजे पश्चिमेकडील हार्दांगेर भागाचा, असे समीकरणच झाले होते: लाल चोळी, छातीवर मणीकामाची पट्टी, जाळीकाम केलेला पांढरा एप्रन. १९०३ साली एका लेखिकेने पुस्तिका काढून प्रत्येक भागाने स्वतःचा जुना पारंपरिक पोशाख, म्हणजेच बुनाद, शोधावा असा आग्रह धरला. दोनच वर्षांत नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला आणि या चळवळीने जोर धरला.

पण शोधायचे कुठून? सेतेसदालच्या खोऱ्यात जुने कपडे विसाव्या शतकातही लोकांच्या अंगावर होते. अनेक भागांत मात्र पेटाऱ्यातली एखादी चोळी, एखादा स्कर्ट एवढेच उरले होते. उत्तरेकडील नूरलान भागाचा १९२८चा बुनाद तर एका जुन्या कापडाच्या नमुन्यावरून बेतलेला. म्हणजे आज ज्या प्रादेशिक वैविध्याचे कौतुक होते, त्याचा मोठा भाग गेल्या शतकातला आहे.

१९४७ मध्ये सरकारने बुनादांसाठी सल्लागार समिती नेमली, आणि खरा वाद इथून पेटला. पुढे बुनादांची पाच गटांत प्रतवारी झाली: एका टोकाला अखंड परंपरेतले, दुसऱ्या टोकाला नव्याने रचलेले. सल्ला बंधनकारक नव्हता, तरी ‘अस्सल कोणता’ हे पुराव्यावर ठरू लागले. भरतकाम, शिवण, कापड यांचे जुने ज्ञान टिकले ते या काटेकोरपणामुळेच. तरीही ज्यांचा पुरावाच नष्ट केला गेला, त्यांना ही कसोटी अन्यायाची ठरते.

उत्तरेकडील मूळनिवासी सामी लोकांचे तसेच झाले. शिंगासारखा उंच लाकडी तुरा असलेली स्त्रियांची टोपी, त्या शिंगात सैतान राहतो असे धर्मोपदेशकांनी सांगितल्यामुळे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वापरातून गेली. शाळांतून सामी भाषा हद्दपार झाली. किनारपट्टीवर गाक्ती, म्हणजे सामींचा पारंपरिक पोशाख, घालणे लाजेचे वाटू लागले. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने नॉर्वेच्या अगदी उत्तरेचा फिनमार्क प्रांत जाळला, त्यात उरलेसुरले कपडेही गेले. किनाऱ्यापासून आत असलेल्या काउतोकेइनो भागात मात्र गाक्ती जिवंत राहिली आणि बदलत राहिली; स्कर्टच्या घेरावरच्या रंगीत फितींचे थर पिढीगणिक रुंद होत गेले.

१९७९ मध्ये आल्ता नदीवरच्या धरणाविरोधात सामी तरुण गाक्ती घालून संसदेसमोर उपोषणाला बसले. त्यानंतरच्या काळात किनारी सामींनीही जुने फोटो आणि संग्रहालयातले नग धुंडाळून आपली गाक्ती पुन्हा शिवली. पद्धत बुनादवाल्यांचीच होती. गाक्तीला तोच मान मात्र फार उशिरा मिळाला.