प्रस्तावनेचं कलम आणि कृतीचं कलम : एमयूएनचा ठराव लिहिताना

एमयूएन, म्हणजे विद्यार्थी एकेका देशाचे प्रतिनिधी बनतात त्या प्रति-संयुक्त राष्ट्रसंघात, उभं राहून तडाखेबंद बोलणारी पोरं आपल्या सोलापुरात कमी नाहीत. गाडी अडते ती ठराव लिहायला बसल्यावर. वरची प्रिअॅम्ब्युलेटरी, म्हणजे प्रस्तावनेची, कलमं आणि खालची ऑपरेटिव्ह, म्हणजे कृतीची, कलमं यांची हमखास सरमिसळ होते.

मंत्रालयातून निघणारा कुठलाही जीआर घ्या. आधी ‘प्रस्तावना’, मग ‘शासन निर्णय’. प्रस्तावना पानभर असली तरी कोषागारातला बाबू बिल पास करताना बघतो ते खालचंच. संयुक्त राष्ट्रसंघाच्या ठरावाचीही तीच तऱ्हा. फरक एवढाच की तिथला अख्खा ठराव एकच लांबलचक वाक्य असतो आणि त्याचा कर्ता एकच, ‘आमसभा’. वरची कलमं ‘स्मरण ठेवून’, ‘दखल घेत’ अशी अर्धवट राहतात, त्यांना क्रमांक नसतो, शेवटी स्वल्पविराम येतो. खालच्यांना क्रमांक असतो, ‘आवाहन करते’, ‘विनंती करते’ असं पूर्ण क्रियापद असतं, शेवटी अर्धविराम. पूर्णविराम एकच, अगदी शेवटी.

हे मुलांना पाठ असतं. क्रियापदांच्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरतच असतात. घोळ होतो तो आशयात.

परवा एका मुलीचा मसुदा पाहत होतो. तिच्याकडे देश नायजर, विषय भरडधान्यं. (मसुदा इंग्रजीत होता, इथे मराठीत सांगतो.) तिचं तिसरं कृतीकलम असं: ‘कोरडवाहू शेतकऱ्यांच्या बिकट अवस्थेबद्दल तीव्र चिंता व्यक्त करते;’. क्रमांक आहे, क्रियापद आहे, अर्धविरामही जागेवर. पण हा ठराव मंजूर झाला तर दुसऱ्या दिवशी कोणी काय करायचं? काहीच नाही. हे कलम वर जायला हवं. उलट वर प्रस्तावनेत तिने लिहिलं होतं, ‘सर्व देशांनी शालेय आहारात ज्वारी-बाजरी आणावी हे लक्षात घेत,’. म्हणजे तिची खरी मागणी तिथे दडून बसली होती, जिथे ती कोणावरच सोपवलेली नाही.

अदलाबदल केल्यावर वर आलं: ‘कमी पावसात तग धरणारी ही पिकं मागे पडत चालल्याची चिंतेने दखल घेत,’. आणि खाली: ‘अन्न व कृषी संघटनेला विनंती करते की, इच्छुक देशांना शालेय आहारात भरडधान्यं आणण्यासाठी तांत्रिक मदत द्यावी, व त्याचा खर्च ऐच्छिक योगदानातून भागवावा;’. कोण, काय, कोणाच्या पैशाने, तिन्हीची उत्तरं मिळाली.

खरा नमुना हवा असेल तर ३ मार्च २०२१ चा आमसभेचा ठराव ७५/२६३ वाचावा. भारताच्या पुढाकाराने आलेल्या याच ठरावाने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष ठरलं. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीवर वाढलेल्यांना तो परका वाटू नये. भरडधान्यांचे गुण वर प्रस्तावनेत. खाली वर्षाची घोषणा, अन्न व कृषी संघटनेला निमंत्रण आणि पैसा कुठून यायचा तेही.

आता एक अपवाद, कारण हुशार मुलं तो काढतातच. ‘मान्य करणं’ हे वरचं काम की खालचं? २८ जुलै २०१० च्या ठराव ६४/२९२ मध्ये पिण्याचं स्वच्छ पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क असल्याचं आमसभेने मान्य केलं, तेही पहिल्याच कृतीकलमात. इथे ‘कोणी काय करायचं’ ही कसोटी लागू पडत नाही. कारण मान्यता देणं हीच त्या दिवशीची कृती होती. ती फुकटची नव्हती, हे मतांवरून दिसतं: बाजूने १२२, विरोधात शून्य, पण तटस्थ ४१. ‘पाणी महत्त्वाचं आहे हे मान्य करते’ असं मात्र खाली लिहू नका. उजनीच्या पाण्याची वाट पाहणाऱ्या शहराला ते ठरावाने सांगावं लागत नाही.

क्रियापदाचा जोरही समितीप्रमाणे बदलतो. आमसभा स्वतःच्या कारभाराबद्दल निर्णय घेते, वर्षं जाहीर करते, पण देशांना सहसा शिफारसच करते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेच्या कलम २५ नुसार सदस्य देशांवर बंधन येतं ते सुरक्षा परिषदेच्या निर्णयांचं. आमसभेच्या मसुद्यात ‘सर्व देशांनी अमुक केलंच पाहिजे’ दिसलं की अध्यक्ष लाल पेन उचलतात.

बऱ्याच एमयूएनच्या नियमांत प्रस्तावनेवर दुरुस्ती आणता येत नाही, फक्त कृतीकलमांवर येते. त्यामुळे वर अडकलेली मागणी नंतर कोणाला सुधारताही येत नाही. मी मुलांना खालून वर लिहायला लावतो: आधी कृतीकलमं, मग त्यातल्या प्रत्येकाला आधार देणारं निदान एक कलम प्रस्तावनेत. ज्याला आधार सापडत नाही, नेमकं त्याच्यावरच प्रश्नोत्तरांत समोरचा देश बोट ठेवतो.