चूक दुसऱ्याची, रक्तदाब आपला

ठाणे स्टेशनात संध्याकाळच्या गर्दीत लोकलमध्ये चढताना कुणी विचारतं, "ही वाशीच ना?" दारातला माणूस "हो, हो" म्हणतो. तुर्भे मागे पडतं आणि सानपाड्याऐवजी जुईनगर येतं. गाडी पनवेलची! उतरून उलटी हार्बर लोकल धरली की वाशी दोनच स्टेशनं. पण त्या 'हो'वरचा राग जेवायला बसलं तरी उतरत नाही.

हा राग शरीरात मोजता येतो. मानसशास्त्रज्ञ शार्लट विटव्हलिएट आणि सहकाऱ्यांनी २००१ साली ७१ विद्यार्थ्यांना, ज्यानं खरोखर दुखावलं होतं असा माणूस आठवायला सांगितलं. डूख धरून ती घटना मनात घोळवताना भुवया आक्रसणारा स्नायू ताणला गेला, तळहाताला घाम सुटला, ठोके आणि रक्तदाब वाढले. त्याच माणसाला समजून घेण्याची, माफ करण्याची कल्पना केली तेव्हा ही वाढ बरीच कमी होती. घोळवणं थांबलं तरी ताण लगेच ओसरला नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

आपण चुकलो की गर्दी, घाई, झोप न होणं अशी कारणं दिसतात. दुसरा चुकला की थेट त्याचा स्वभाव. दुसऱ्याची परिस्थिती न पाहता थेट स्वभावावर जाण्याच्या या कलाला मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये 'फंडामेंटल अ‍ॅट्रिब्यूशन एरर' असं नाव दिलं. त्यावर उपाय साधा आहे. आधी पाच-सहा श्वास, सोडताना जास्त वेळ घेऊन. मग "असं का केलंस?" न विचारता "नेमकं काय झालं?" विचारा. 'का' म्हटलं की समोरचा बचावात शिरतो आणि खरं कारण हाती लागत नाही. माणूस समोर नसेल तर चुकीची तीन शक्य कारणं कागदावर लिहा. मानसशास्त्रज्ञ एव्हरेट वर्दिंग्टन यांच्या माफ करण्याच्या पाच पायऱ्यांच्या पद्धतीत, घटना आठवण्याच्या पहिल्या पायरीनंतर लगेच हीच पायरी येते: त्याच्या बाजूनं पाहणं.

बिघडतं कुठे? दात आवळून "जाऊ दे" म्हणण्यात. अढी तशीच राहते. आणि चूक पोटात घातली म्हणजे नुकसानभरपाई सोडली किंवा छळणाऱ्याकडे परत गेलो, असं मुळीच नाही. माफी एकट्यानं देता येते. समेटाला दोघं लागतात, आणि समोरचा बदललेलाही लागतो.

त्या दारातल्या माणसाचंच पाहा. गर्दीत त्याला 'वाशी' नीट ऐकूही गेलं नसेल, शिवाय "वाशीच ना?" या प्रश्नातच 'हो' दडलेलं होतं. पुढच्या वेळी विचारा, "ही गाडी कुठली?"