कायोटीसाठी .२२३ च का?

अमेरिकेत कायोटीच्या शिकारीला कोणती रायफल घ्यावी, असा विषय निघाला की गाडी .२२३ रेमिंग्टन आणि .२२-२५० या दोन काडतुसांपाशी येऊन अडते. दोन्हींच्या गोळीचा व्यास एकच, ०.२२४ इंच. तरीही वाद मिटत नाही.

कायोटी हा आपल्या कोल्ह्याचा भाऊबंद. अमेरिकेच्या पश्चिम भागात त्याचं वजन साधारण ९ ते १५ किलो, म्हणजे हरणाच्या रायफलीची गरज नाही. पण अंतर लांब आणि वारा सुसाट. १९३० मध्ये .२२ हॉर्नेट बाजारात आलं, पण त्याचा मारा दीडशे-पावणेदोनशे यार्डांपलीकडे भरवशाचा नव्हता. १९३५ मध्ये विंचेस्टरने .२२० स्विफ्ट काढलं. ४८ ग्रेनची (सुमारे ३ ग्रॅमची) गोळी, वेग सेकंदाला ४,००० फुटांवर! मात्र ते नळी खातं, म्हणजे लवकर झिजवतं, अशी बोंब झाली आणि ती कायमची चिकटली. तोवर हौशी बंदूककार .२५० सॅव्हेजच्या काडतुसाचं तोंड आवळून .२२-२५० बनवत होते. रेमिंग्टनने १९६५ मध्ये त्याला कारखान्यात घेतलं.

आता .२२३. हे काही कायोटीसाठी जन्मलेलं नाही. १९५० च्या .२२२ रेमिंग्टनचं काडतूस लांबवून ते घडलं, ते लष्कराच्या नव्या हलक्या रायफलीसाठी. लष्करात त्याचं जुळं भावंड गेलं आणि दारूगोळा स्वस्त झाला, गावोगावच्या दुकानांत मिळू लागला. माझ्या मते त्याचं राज्य मुख्यतः या स्वस्ताईवर उभं आहे. वाऱ्यात आणि लांबवर .२२-२५० सरस आहे.

१९७० च्या दशकात फरचे भाव चढले आणि कातडीला पडणारं भोक हा पैशाचा प्रश्न झाला. १९५५ चं .२४३ विंचेस्टर वाऱ्याला दाद देत नाही, त्यानेच हरीणही मारता येतं, पण कातडं फाडतं. हलकी, वेगवान गोळी आतच फुटली तर पलीकडून बाहेर पडत नाही, एका बारीक भोकावर निभावतं. १९७१ चं .१७ रेमिंग्टन याच हिशेबाने आलं. २५ ग्रेनची ती गोळी वारा मात्र सहज ढकलतो. २००४ मध्ये आलेलं .२०४ रुगर हे .१७ आणि .२२३ यांच्या मधलं.

कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीला पूर्ण बंदी आहे. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि तिला स्थिर ठेवायला नळीतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) जास्त पिळाचे लागतात. जुन्या .२२-२५० रायफलींत १४ इंचांत एकच फेरा असतो, त्यामुळे लांब गोळ्या त्यांतून नीट जात नाहीत.